टिनाखालचा जिल्हा

एप्रिल उजाडला की बुलढाणा जिल्ह्याच्या स्थानिक पानांवर एक मथळा ठरलेला असतो. तालुका बदलतो, गाव बदलतं, मथळा तोच : ‘वादळी वाऱ्याने टिनपत्रे उडाली’. खाली चार ओळी. अमुक इतक्या घरांची पडझड, घरातलं धान्य भिजलं, विजेचे खांब वाकले, तलाठ्यांनी पंचनामे केले, मदतीची मागणी. जूनच्या शेवटाला हे मथळे थांबतात आणि पुढच्या एप्रिलपर्यंत टिनाबद्दल कोणी चकार शब्द लिहीत नाही.

जून 2024 मध्ये मात्र बातमी चार ओळींत मावणारी नव्हती. चिखली तालुक्यात एका घराचे टिन वादळात लोखंडी अँगलसकट उडाले. त्या अँगलला झोका बांधलेला होता आणि झोक्यात तान्हं बाळ होतं. ते वाचलं नाही. झोका छताच्या अँगलला बांधणं ही वऱ्हाडात घरोघरची गोष्ट आहे. छताच्या दांडीला बाळ टांगायचं म्हणजे ती दांडी हलणार नाही असं आईबापांनी गृहीत धरलेलं असतं. ते गृहीत धरणं चूक नाही. दांडी भिंतीला कशी पकडली होती, हा खरा प्रश्न आहे.

अशा बातम्या वाचून टिन म्हणजे गरिबाचं, नाइलाजाचं छप्पर असा समज पक्का होतो. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. या जिल्ह्याच्या हवेला, खिशाला आणि पाण्याच्या अडचणीला धातूच्या पत्र्याइतकं जुळणारं छप्पर सध्या तरी दुसरं दिसत नाही. घोडं पेंड खातं ते एवढ्यावरच की आपण टिन टाकतो ते ‘स्लॅब पडेस्तोवर’ म्हणून. दोन वर्षांपुरत्या टाकलेल्या टिनाखाली पुढे दोन पिढ्यांची लग्नं लागतात, पण बसवतानाचा हिशेब दोन वर्षांचाच झालेला असतो.

आधी इथं काय होतं ते पाहायला हवं. घाटावर काय आणि घाटाखाली काय, जुनी वस्ती धाब्याच्या घरांची. सागाच्या नाहीतर कडुनिंबाच्या तुळया, त्यावर आडवी लाकडं, त्यावर काटक्या नाहीतर फळ्या, मग पालापाचोळा, चिखलाचा थर आणि सगळ्यांत वर खारी पांढरी माती. उन्हाळ्यात आत गारवा, वर वड्या-पापड वाळवायला आणि रात्री अंथरूण टाकायला हक्काची जागा. धाब्याची आठवण काढून हळहळणारे पुष्कळ भेटतात. दरसाल पावसाआधी धाब्यावर नवी माती टाकायची, ती तुडवायची, तरी श्रावणात घरभर पातेली मांडून बसायचं, हे त्या आठवणीतून बहुधा गळलेलं असतं.

आणि वजन. फूटभर जाडीच्या मातीचं वजन दर चौरस मीटरला पावणेपाचशे किलोच्या घरात जातं. ती भिजली की आणखी वाढतं. वर्षानुवर्षं थर चढत गेलेलं धाबं त्याहून जड. हे वजन पेलणारी भिंत दगड-मातीची, सिमेंटचा कण नसलेली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात काय झालं ते मराठी वाचकाला सांगायला नको. लातूर-उस्मानाबादेत धाब्याला माळवद म्हणतात, पण बांधणी याच कुळातली. भूकंपाने भिंती ढासळल्या आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. त्यानंतर त्या भागातली कित्येक कुटुंबं माळवदाखाली झोपायलाच तयार नव्हती. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी अंथरुणं नेली. बुलढाण्याला भूकंपाचा तसा तडाखा बसलेला नाही. इथं धाब्याची घरं संततधारेत बसतात, आणि दर पावसाळ्यात कुठेतरी भिंत कोसळून माणूस दगावतोच. बरं, धाबं नव्याने घालू म्हटलं तर तुळईजोगं सागवान आणणार कुठून?

त्या मानाने पत्र्याचं वजन पाहा. अर्ध्या मिलिमीटरचा पोलादी पत्रा चौरस मीटरला चार किलो भरतो. पाच इंची स्लॅब भरतो तीनशेच्या वर. म्हणजे पाया, भिंती, खांब सगळंच हलकं चालतं. पैसे वाचतात ते इथं, नुसत्या छपरात नव्हे. चिखलात बांधलेल्या जुन्या भिंतीवर स्लॅब टाकता येत नाही. अँगलचा सांगाडा उभारून टिन टाकता येतं, आणि घर चार दिवसांत झाकलं जातं.

पत्रा वऱ्हाडात आला तो मात्र गरिबाच्या घरासाठी नव्हे, कापसासाठी. लंडनच्या गोदीतला अभियंता हेन्री रॉबिन्सन पामर याने 1829 मध्ये नालीदार पत्र्याचं पेटंट घेतलं. युक्ती साधी होती : कागद दोन पेल्यांवर आडवा ठेवला तर लवतो, त्याला पंख्यासारख्या घड्या घातल्या की तोच कागद वजन पेलतो. पत्र्याचंही तसंच. 1837 मध्ये फ्रान्सच्या स्तानिस्लास सोरेलने लोखंडाला वितळलेल्या जस्तात बुडवण्याचं पेटंट घेतलं आणि गंजाचा प्रश्न बऱ्याच अंशी मिटला. तिकडे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि साहेबाची नजर वऱ्हाडावर पडली. आगगाडी मलकापूर, नांदुरा, शेगाववरून पुढे 1867 मध्ये नागपूरला पोचली. जलंबहून खामगावला फाटा निघाला, त्याच्या उद्घाटनाला 1870 मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. कापसाची केवढी मोठी पेठ होती ती! पुढे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. रुईच्या ढिगाला सगळ्यांत मोठं भय आगीचं. गवती किंवा लाकडी छप्पर तिथं परवडत नव्हतं. न जळणारा, बोटीतून आणि वाघिणीतून गठ्ठ्यांनी येणारा, गावातल्या लोहाराला ठोकता येणारा विलायती पत्रा हे त्यावरचं उत्तर होतं.

आता पत्र्यासाठी विलायतेकडे पाहायची गरज नाही. नागपूरजवळ कळमेश्वरला जस्ती आणि रंगीत पत्र्याचा मोठा कारखाना आहे. आधी तो इस्पात इंडस्ट्रीजचा होता, 2010 नंतर जेएसडब्ल्यूकडे गेला. म्हणजे विदर्भाच्या डोक्यावरचा पत्रा विदर्भातच तयार होतो.

मग तो उडतो का?

वाऱ्याचं गणित भारतीय मानकात, आयएस 875 च्या तिसऱ्या भागात, दिलेलं आहे. नागपूरसाठी सेकंदाला 44 मीटर आणि औरंगाबादसाठी 39 मीटर हा वाऱ्याचा मूळ वेग धरायला सांगितलं आहे. बुलढाणा या दोहोंच्या दरम्यान. ताशी किलोमीटरमध्ये हे आकडे 158 आणि 140 होतात. एवढा सोसाटा रोज येत नाही, म्हणून आपण मे महिन्यातल्या एखाद्या बऱ्यापैकी वावटळीचा, ताशी 90 किलोमीटरचा हिशेब करू. या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे 38 किलोचा दाब तयार होतो. दहा फुटी पत्र्याचं क्षेत्रफळ साधारण सव्वातीन चौरस मीटर. म्हणजे छपरावरून वारा सरकताना एकेका पत्र्याला वर खेचणारा जोर सव्वाशे किलोच्या आसपास जाऊ शकतो. पत्र्याचं स्वतःचं वजन 15 किलोच्या आत. कडांना आणि कोपऱ्यांना हा ओढा मधल्या भागापेक्षा जास्त असतो. दार उघडं असलं तर आत शिरलेला वारा खालूनही ढकलतो. आता गावातला उपाय आठवा : पत्र्यावर चार दगड. दहा-दहा किलोचे धरले तरी झाले चाळीस. पत्रा उडायचा तो उडतोच, शिवाय दगड खाली येतात, आणि पुष्कळदा इजा होते ती त्यांनीच.

यात कुठेही ‘निसर्गाचा कोप’ नाही. साखळीची प्रत्येक कडी दर पत्र्यामागे सव्वाशे किलो ओढ सहन करणारी हवी, एवढंच. पत्रा स्क्रूला, स्क्रू पत्र्याखालच्या आडव्या पर्लिनला, पर्लिन अँगलला, अँगल भिंतीला आणि भिंत पायाला. आपल्याकडे शेवटून दुसरी कडी हमखास कच्ची असते. विटेच्या भिंतीत दोन विटा काढायच्या, अँगलचं टोक आत सारायचं, वर सिमेंटचा गोळा थापायचा, झालं. असा अँगल वर खेचला गेला की वरच्या दोन विटांच्या थरासकट निघतो. त्याऐवजी भिंतीच्या माथ्यावर सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा हवा, त्यातून वर काढलेले बोल्ट हवेत, आणि अँगल त्या बोल्टना नटाने आवळलेला हवा. छोट्या घराला यासाठी सिमेंटच्या थोड्याच गोण्या जास्त लागतात.

खरी कारागिरी दिसते ती वर चढल्यावर. चांगला फिटर पत्रा लावायला पूर्वेच्या टोकाकडून सुरुवात करतो. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेचा, नैर्ऋत्येचा. त्यामुळे पश्चिमेकडचा प्रत्येक पत्रा आधीच्यावर चढतो, जोडाची उघडी कड वाऱ्याच्या पाठीला राहते आणि पाणी आत घुसत नाही. स्क्रू तो पत्र्याच्या उंचवट्यावर मारतो. खोलगट भागातून पाणी वाहतं, तिथं भोक पाडलं की गळतीचं कायमचं बस्तान बसतं. स्क्रूखाली काळा रबरी वायसर असतो. ड्रिल मशीन दाबून धरलं की वायसर चेंदून बाहेर येतो, उन्हाने फाटतो आणि तिसऱ्या पावसाळ्यात ठिबक सुरू होते. सैल ठेवला तर पहिल्याच. वायसर जरासा फुगून पत्र्याला टेकला की हात थांबला पाहिजे. कडेच्या ओळीत प्रत्येक उंचवट्याला स्क्रू, मधल्या ओळींत एकाआड एक. आणि तो पत्रा ग्राइंडरने कापत नाही. ग्राइंडरच्या तापलेल्या ठिणग्या शेजारच्या पत्र्यावर उडतात, जस्त जाळतात, आणि दिवाळीपर्यंत तिथं तांबूस पुरळ उठतं. पत्रा कापायची कात्री त्यासाठीच असते. असा फिटर घाईने काम करणाऱ्यापेक्षा दिवसभराने जास्त वेळ घेतो. आपण त्याला संथ म्हणतो आणि मजुरी चौरस फुटावर ठरवतो.

खरेदीतही तेच. दुकानात ग्राहक विचारतो, जाडी किती? आणि रंग कोणता? जाडी महत्त्वाची आहेच, 0.30 मिलिमीटरचा पत्रा माणूस चालला तरी दबतो. पण पत्रा किती वर्षं टिकेल हे जाडीपेक्षा त्यावरच्या जस्तावर ठरतं. दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला किती ग्रॅम जस्त, हा तो आकडा. आयएस 277 या मानकात 120, 180, 220, 275 अशा श्रेणी आहेत. 275 ग्रॅम म्हणजे दर बाजूला सुमारे 19 मायक्रॉनचा थर. 120 ग्रॅम म्हणजे जेमतेम 8. दोन्ही पत्रे दुकानात सारखेच चकाकतात. जस्त स्वतः झिजून खालचं लोखंड राखतं, त्यामुळे जेवढं जस्त तेवढं आयुष्य. समुद्रकाठी हा थर भराभर उडतो. बुलढाण्याच्या कोरड्या हवेत तो वर्षाला एक मायक्रॉनही झिजत नाही. रत्नागिरीकराने हेवा करावा अशी ही गोष्ट, आणि आपण ती 120 ग्रॅमचा पत्रा घेऊन वाया घालवतो. यापुढची पायरी गॅल्व्हल्युमची : 55 टक्के ॲल्युमिनियम, 43.4 टक्के जस्त आणि बाकी सिलिकॉन. 1972 पासून बाजारात असलेला हा लेप साध्या जस्तापेक्षा जास्त टिकतो, उष्णताही जास्त परतवतो. मात्र गोठ्यावर तो घालू नये. शेण-मुताच्या वाफेतला अमोनिया ॲल्युमिनियमच्या लेपाला सोसत नाही. युरियाच्या गोण्या पत्र्याला टेकवून ठेवणं आणि कडबा, गोवऱ्या, जुने टायर छपरावर रचणं हेही तसंच. खाली ओल धरते आणि पत्रा तिथूनच चाळणीसारखा होतो.

उन्हाचं काय? इथं टिनाची बाजू घेणाऱ्याला थोडं नमतं घ्यावं लागतं. घाटावर बुलढाणा शहरात मे महिना सुसह्य असतो, पण राजूर घाट उतरून मोताळा-मलकापूरकडे गेलं की चटका बसतो; शेजारच्या अकोल्यात पारा 45 ओलांडतो. उघडा जस्ती पत्रा दुपारी साठ अंशांच्या पुढे तापतो, कारण तो ऊन परतवत असला तरी घेतलेली उष्णता आकाशाकडे सोडायला कचरतो. दुपारी एक ते पाच अशा घरात बसणं शिक्षाच. रात्रीचा प्रकार मात्र वेगळा आहे, आणि स्लॅबवाले तो कबूल करत नाहीत. स्लॅब दिवसभर पिऊन ठेवलेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत बसतो; पत्रा दिवेलागणीनंतर अर्ध्या-पाऊण तासात निवतो. शेतावर राबून आलेल्या माणसाला घर हवं असतं ते झोपायला.

दुपारचा उपाय महाग नाही. पत्र्याला पांढरा रंग, तोही जमला नाही तर डिंक नाहीतर फेव्हिकॉल घालून चुना. 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा करणाऱ्या अहमदाबादने पुढे झोपडपट्ट्यांची छपरं पांढरी करायला घेतली. तेलंगणाने एप्रिल 2023 मध्ये थंड छपरांचं धोरणच जाहीर केलं. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना हे निराळ्या रूपात ठाऊक होतं. टिनावर उन्हाळाभर पऱ्हाट्या आणि तुराट्या अंथरायच्या, मृगाआधी काढून घ्यायच्या. पैसे असतील त्याने पत्र्याखाली बबल फॉईल लावावं, बांबूच्या तट्ट्याचं छत घालून मध्ये वीतभर पोकळी सोडावी आणि त्या पोकळीतली गरम हवा आढ्यातून बाहेर जायला वाट ठेवावी. आणि सगळ्यांत स्वस्त गोष्ट म्हणजे उंची. सात फुटांवर टाकलेला पत्रा अकरा फुटांवर नेला तर भिंतीचा खर्च थोडा वाढतो, घर राहण्याजोगं होतं.

आता पाण्याकडे येतो, कारण माझ्या मते या जिल्ह्यात टिनाची खरी किंमत इथं आहे आणि तिचा विचार कोणीच करत नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला-अमरावतीकडून बुलढाण्यात उतरतो. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागांत बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि संग्रामपूर-जळगाव जामोदच्या गावांत मूत्रपिंडाच्या आजारांनी किती घरं खचली हे तिथल्या कोणालाही विचारा. याच दोन तालुक्यांना जुलै 2023 मध्ये अतिवृष्टीने झोडपलं. आभाळातून गोडं पाणी धो धो पडतंय आणि जमिनीखाली खारं, अशी तिथली अवस्था.

पंतप्रधान आवास योजनेतलं घरकुल किमान 25 चौरस मीटरचं असतं. एवढ्या छपरावर 700 मिलिमीटर पाऊस पडला आणि उडणं-सांडणं जाऊन 85 टक्के पाणी हाती आलं, तर ते होतं सुमारे 15 हजार लिटर. पाच माणसांच्या घराला प्यायला आणि स्वयंपाकाला रोज 25 लिटर धरले तर कोरड्या आठ महिन्यांना सहा हजार पुरतात. म्हणजे गरजेच्या अडीचपट पाणी डोक्यावरून वाहून गल्लीच्या चिखलात जातं. धाब्यावरून गढूळ पाणी येतं, कवेलूवर शेवाळ धरतं. धातूचा पत्रा गुळगुळीत, पाऊस पडताच धुऊन निघणारा. पन्हळ लावायची, पहिल्या सरींचं पाणी सोडून द्यायचं, तोंडाला कापड बांधून टाकी भरायची, झाकण घट्ट ठेवायचं, पिताना उकळून घ्यायचं. पत्रा मात्र धातूचाच हवा. सिमेंटचे पत्रे म्हणून जे विकले जातात त्यांत बऱ्याचदा ॲस्बेस्टॉस असतं. त्याचे सगळे प्रकार कर्करोगाला कारण होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुने, तडकलेले सिमेंटचे पत्रे फोडू-कापू नयेत.

घरकुलाचं मूळ अनुदान 1 लाख 20 हजार. त्यात स्लॅबचा हट्ट धरला की दारं-खिडक्या, गिलावा, संडास यांतलं काहीतरी राहून जातं. ‘स्लॅबचं घर आहे का?’ हे सोयरिकीच्या बैठकीत विचारलं जातं, हे मलाही कळतं. पण त्या प्रश्नापायी कर्ज काढावं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

व्यापाऱ्याने हे केव्हाच ठरवून टाकलंय. खामगाव-मलकापूरच्या एमआयडीसीत, राष्ट्रीय महामार्गालगतच्या शोरूमवर, समृद्धी महामार्गाच्या मेहकर-सिंदखेडराजा पट्ट्यातल्या नव्या शेडवर पत्राच दिसतो, आणि तो नाइलाजाने टाकलेला नसतो. मध्ये एकही खांब न घेता साठ-सत्तर फुटांची रुंदी झाकता येते. ट्रक थेट आत शिरतो. अधूनमधून पारदर्शक पत्रा टाकला की दिवसा दिवा लावावा लागत नाही, छपरावरचे वाऱ्याने फिरणारे पंखे फुकटात गरम हवा ओढतात. जागा बदलली तर बोल्ट काढून शेड उचलून नेता येतं. सोयाबीन आणि कापसाच्या या जिल्ह्यात गोदाम हा शेतकऱ्याच्या सौदाशक्तीचा भाग आहे. 1986 मध्ये स्थापन झालेल्या बुलडाणा अर्बन पतसंस्थेने गोदामं बांधून शेतमाल तारण कर्जाचं मोठं काम उभं केलं. माल सुका राहिला तर भाव येईपर्यंत थांबता येतं. शेतकऱ्याचं सोयाबीन गोदामात नीट बसवलेल्या पत्र्याखाली कोरडं राहतं आणि त्याचं स्वतःचं अंथरूण घरी भिजतं, ही विसंगती मला फार खटकते.

दोन भीती जाता जाता. टिन वीज ओढतं, हा समज खरा नाही. वीज उंची आणि मोकळी जागा पाहते. पण घरातली वायर सोलून अँगलला टेकली की टिनात करंट उतरतो आणि ओल्या हाताचा माणूस जागीच जातो. अर्थिंग आणि करंट गळताच बंद पडणारा स्विच, या दोन गोष्टींत कंजुषी नको. दुसरं झाडाचं. 9 एप्रिल 2023 ला शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या पारसला मंदिरातल्या टिनशेडवर कडुनिंब कोसळून सात माणसं गेली. कोणतंही हलकं छप्पर झाड झेलू शकत नाही. जीर्ण झाडाखाली शेड टाकू नये.

गारांचं भय मात्र टिनाला फारसं नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीसारखा मार बसला की सिमेंटचे पत्रे आणि कवेलू फुटतात, टिनाला पोचे पडतात. टिन सहसा मरत नाही, घर बदलतं. माजघरावरून काढलेला पत्रा गोठ्यावर जातो, गोठ्यावरून न्हाणीच्या आडोशाला, तिथून कोंबड्यांच्या खुराड्यावर, आणि अखेर भंगारवाल्याच्या हातगाडीवर; तिथंही किलोने पैसे देऊनच जातो. पाडलेल्या स्लॅबचा मलबा उचलायला मात्र वर आपल्यालाच पैसे मोजावे लागतात.

घराची पडझड झाली तर आपत्ती मदतीच्या सध्याच्या निकषांनुसार अंशतः नुकसानीला, तेही किमान 15 टक्के असेल तर, पक्क्या घराला 6,500 रुपये आणि कच्च्याला 4,000 रुपये मिळतात. सांगाडा उडाला तर एवढ्यात तो पुन्हा उभा राहत नाही. ग्रामसेवक आणि घरकुलाचे अभियंते हप्ता मंजूर करताना भिंतीची उंची मोजतात. अँगल बोल्टने आवळला आहे की नुसता विटेत खुपसला आहे, हेही त्याच फेरीत पाहून तसा शेरा मारायला लागावेत. त्याला नवा निधी लागत नाही.

यंदा दिवाळीनंतर ज्यांचं बांधकाम निघणार आहे त्यांनी दुकानदाराला पत्र्याची जाडी विचारावीच, पण जस्त किती ग्रॅम हेही विचारावं आणि बिलावर लिहून घ्यावं. ज्यांचं टिन आधीच पडलेलं आहे त्यांनी होळीच्या आत एकदा शिडी लावून कडेचे स्क्रू आणि भिंतीतले अँगल हाताने हलवून पाहावेत, आणि छपरावरचे दगड खाली उतरवावेत.